खांद्याला सुट्टी

आर्णीत मला माझ्या नावानं फार थोडे लोक ओळखतात. ‘जिमवाली बाई कुठं राहते?’ असं विचारलं की भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत कोणीही घर दाखवील. माझ्या नवऱ्यालासुद्धा लोक ‘जिमवाल्या बाईचे मिस्टर’ म्हणतात. तो बिचारा शाळेत गणित शिकवून रिटायर झालेला माणूस. उभ्या जन्मात त्यानं दोन किलोच्या वर डंबेल उचललं नाही, तेही दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मध्ये ठेवायला.

तेवीस वर्षं मी हा धंदा केला. हार्डवेअरच्या दुकानावरचा एक हॉल, पत्र्याचं छत, उन्हाळ्यात आत शिरलं की काही न करताच घाम. सकाळी पोरं, दुपारी बायका, संध्याकाळी भरतीवाले. पहिल्या वर्षी पोरं दारातूनच परत जायची. ‘बाई काय शिकवनार बाप्पा डंबेल?’ असं एकानं माझ्या तोंडावर विचारलं. मी कॉलेजात असताना वेटलिफ्टिंग करत होते, हे त्याला कुठं माहीत! मी त्याला म्हटलं, ‘तू उचल, मग मी उचलते. तू जिंकलास तर उद्यापासून मी चहाची टपरी टाकीन.’ ती टपरी काही टाकावी लागली नाही. तो पोरगा पुढं सहा वर्षं आला, आता त्याची मुलगी येते. गेल्या वर्षी मी किल्ली भाचीच्या हाती दिली. आता मी फक्त खुर्चीवर बसून लोकांच्या चुका काढते. हे काम मला मनापासून आवडतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की जिममध्ये शरीर बनतं. बिलकूल नाही. जिममध्ये स्नायू थकतो, त्याला बारीक बारीक इजा होते. तो भरून येतो आणि आधीपेक्षा घट्ट होतो तो घरी. पोटभर जेवल्यावर, गाढ झोपल्यावर, आणि मुख्य म्हणजे त्याला मोकळं सोडल्यावर. म्हणजे माझ्या धंद्यातलं खरं काम माझ्या डोळ्यांआड चालतं. डोळ्यांसमोर असतो तो निव्वळ आरडाओरडा आणि आरशात बघणं. हे मी हजार वेळा सांगितलं असेल. हजार वेळा लोकांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच दंडाचा व्यायाम पुन्हा केला.

आणि खाण्याचं तर विचारूच नका. आमच्या तालुक्यात वावरावावरांत तूर उभी, सोयाबीन उभं, आणि ताटात वरण असं पातळ की त्यात आपलं तोंड दिसावं. बाईच्या ताटात तर अजूनच. ती जेवायला बसते सगळ्यांच्या शेवटी, आणि तोपर्यंत वरणात दोनदा पाणी पडलेलं असतं. मी दुपारच्या बॅचला पहिल्या दिवशी व्यायाम शिकवायची नाही. सांगायची, ‘उद्यापासून घट्ट वरणाची एक वाटी आधी स्वतःसाठी काढून ठेवायची. मग बाकीचा संसार.’ बायका अशा दचकायच्या, जणू मी त्यांना चोरी करायला सांगत होते. एकीनं तर विचारलं, ‘सासूले काय सांगू?’ म्हटलं, ‘सांग, मॅडमनं औषध दिलं.’ औषध म्हटलं की सासू काही बोलत नाही.

पोरांचं दुसरं टोक. कापडदुकानदाराचा चेतन नावाचा पोरगा होता, अंगात मांस म्हणून नाही, पण घाई अशी की पोळ्याला दंड दाखवायचेत. यवतमाळहून पावडरचा भला मोठा डबा घेऊन आला. वर फुगलेल्या माणसाचा फोटो. दिवसाला चार वेळा पावडर घोटायची, वरून बारा कच्ची अंडी. पी हळद अन् हो गोरी! पाचव्या दिवशी पोट असं बिघडलं की व्यायाम फक्त घर ते संडास एवढाच चालला. बरा होऊन आला तेव्हा मी तो डबा मागवला आणि मागचं बारीक अक्षरातलं त्यालाच वाचायला लावलं. त्यात सोयाबीन निघालं. म्हटलं, ‘बाबू, तुह्या मामाच्या वावरातलं सोयाबीन बाजार समितीतून गेलं, जग फिरून आलं, अन् तू थे डब्यातून घेऊन राह्यला.’ पावडर विष नसते, ज्याला ताटातून पुरत नाही त्याच्या उपयोगाची असते, एवढं मी मान्य करते. पण ताटातून पुरतं की नाही हे आधी बघायला नको? चेतन मग घुगऱ्यांवर आला. भिजवून शिजवलेले हरभरे, वर कांदा, लिंबू. सोबत उकडलेली अंडी चार. वर्षभरात त्याचे दंड शर्टात मावेनात. पोळा मात्र हुकला, त्याचं त्याला अजून वाईट वाटतं.

एक गोष्ट मी आर्णीत कोणाला सांगितली नव्हती. ती माझ्या सासूबाईंनी फोडली. मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याआधी पाय आले माझे. आमच्याकडे अशी पक्की समजूत की कोणाच्या कमरेत उसण भरली, म्हणजे वाकताना चमक निघून माणूस तसाच अडकला, की पायाळू माणसाची लाथ बसल्यावर ती निघते. झालं! ज्यांनी कधी जिमची पायरी चढली नव्हती ते कमरेला हात लावून, वाकडे वाकडे होत जिना चढू लागले. एक अडत्या आला, शंभर किलोचा माणूस. तुरीचं पोतं झटक्यात उचलायला गेला आणि कंबर धरली. दारातूनच म्हणाला, ‘मॅडम, एक लाथ हाना.’

मी म्हटलं, ‘शेठ, हाणते. लाथ मारायला कोणाला आवडत नाही? पण माझी एक अट आहे. दुखणं कमी झालं की महिनाभर इथं यायचं आणि खाली कसं वाकायचं ते शिकायचं.’

त्यानं कबूल केलं. मी त्याला पायाचा अंगठा लावला, तो ‘आहाहा’ म्हणाला, आणि चार दिवसांनी उसण निघाली. ती तशीही चार दिवसांत निघतेच. पण माणूस शब्दाला जागला. पोत्याजवळ जायचं, पाय फाकवायचे, गुडघ्यातून बसायचं, ओझं पोटाशी घ्यायचं आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. एवढंच शिकवलं. नंतर त्याच्या आडतीतले हमाल मला भेटले. हसत म्हणाले, ‘मॅडम, हे तं आम्हाले लहानपनापासून येते. शेठनं आम्हालेच विचारलं असतं.’ बरोबर होतं त्यांचं. वजन कसं उचलावं हे पुस्तकात लिहिलं गेलं त्याच्या कितीतरी आधी हमालाच्या अंगात होतं. आम्ही जिमवाले उगाच टेंभा मिरवतो.

आता रोशनीचं सांगते. खरं तर तिच्यासाठीच हे लिहायला बसले.

रोशनी आर्णीपासून सहा किलोमीटरवरच्या गावची. चोवीस वर्षांची, काटक, रंगानं सावळी, बोलणं कमी. सायकलनं यायची. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. मुलींना भरतीच्या मैदानी परीक्षेत दोन धावा असतात आणि चार किलोचा लोखंडी गोळा फेकायचा असतो. धावण्यात ती वाऱ्यासारखी. गोळ्यात मात्र मागच्या भरतीत मार खाल्ला होता, आणि तेवढ्या दोन-चार गुणांनी तिची निवड हुकली होती. आता दसऱ्यानंतर पुन्हा मैदान होतं. घरी तिच्या बाबांनी सांगून टाकलं होतं, ‘हे शेवटचं. झालं तं झालं, नाई तं मार्गशीर्षात लगन.’ मुलगाही बघून ठेवलेला. पोरगी तोंडानं काही बोलायची नाही, पण गोळा हातात घेतला की तिचे ओठ असे घट्ट मिटायचे की मला कळायचं, हिच्यासाठी हा गोळा म्हणजे सगळं काही आहे.

उन्हाळ्यापासून आम्ही तयारी केली. गोळा हातानं फेकत नाहीत, पायांनी फेकतात. जोर टाचेतून उठतो, कमरेतून वळतो आणि शेवटी हातातून निघतो. म्हणून मी तिच्याकडून आधी पाय पक्के करून घेतले, मग खांदा. आईला बोलावून वाटीभर घट्ट वरण, रोज घुगऱ्या आणि आठवड्यातून दोनदा गोळाभात ठरवून दिला. डाळीचे गोळे भातावर कुस्करून, वर फोडणीचं तेल. रोशनी हसून म्हणाली, ‘गोळा खायचा अन् गोळाच फेकायचा काय, मॅडम?’ आषाढ सरता सरता तिचा गोळा पूर्ण गुणांच्या रेषेच्या वीतभर अलीकडं पडू लागला. मी घरी येऊन नवऱ्याला सांगायची, ‘ही पोट्टी भरती काढते बघा.’

आणि श्रावणात तिचा उजवा खांदा दुखायला लागला.

आधी थोडा. मी वजन कमी केलं. मग गोळा फेकायची ढब बदलली. मग बर्फानं शेकायला सांगितलं. दुखणं वाढतच होतं. मला काही उमजेना. माझा व्यायाम मोजून मापून दिलेला, त्यानं एवढं दुखायला नको. म्हणजे ही घरी जाऊन आणखी काही करते. भरतीची पोरं असं करतात. मॅडमनं पंधरा वेळा सांगितलं की घरी चोरून तीस वेळा.

‘रोशनी, खरं सांग. घरी काय करतेस?’

‘काही नाई, मॅडम. घरीच.’

‘गोळा फेकतेस ना?’

‘माह्यापाशी गोळा नाई ना, मॅडम.’

‘मग दगड फेकत असशील!’

बॅचमधल्या पोरी हसल्या. रोशनी हसली नाही. माझं टाळकं गरम व्हायला वेळ लागत नाही, हा माझा जन्मजात दोष. मी सगळ्यांसमोर तिला नाही नाही ते बोलले. खोटारडी म्हटलं. ‘तुला स्वतःच्या अंगाची किंमत नाही, मी कशाला जीव काढू?’ म्हटलं. शेवटी फर्मान सोडलं, ‘आठ दिवस इथं तोंड दाखवू नको. पूर्ण आराम. घरी राहायचं.’

ती मान खाली घालून गेली. सायकलचं हँडल तिनं एका हातानं धरलं होतं, ते मी खिडकीतून पाहिलं, आणि तरी मला वाटलं की बरी अद्दल घडली.

आठ दिवसांनी ती आली. वेणी वाकडी. मी विचारलं, तर म्हणाली, आईनं घातली. स्वतःचा हात डोक्याच्या मागं जातच नव्हता. आठ दिवस आराम करून खांदा बरा व्हायच्या ऐवजी जास्त बिघडला होता! माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. म्हटलं, हिला रंगेहाथ पकडायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न सांगता स्कूटी काढली आणि तिच्या गावी गेले.

पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती ती. आमच्याकडे त्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं तो खांदा कोमट पाण्यानं शेकायचा, हळद आणि लोणी लावून चोळायचा आणि बैलाच्या कानात आमंत्रण द्यायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ मी गेले तेव्हा रोशनीचे बाबा अंगणात तेच करत होते. एक पांढरा बैल डोळे मिटून उभा होता आणि हा माणूस दोन्ही हातांनी त्याचा खांदा चोळत होता. मीही शेतकऱ्याचीच मुलगी. लोणी-हळदीचा तो वास आला आणि माझा निम्मा राग तिथंच उतरला.

आईनं पाणी आणून दिलं. मी विचारलं, ‘रोशनी कुठं आहे?’

‘वावरात. येईनच आता.’

‘वावरात काय करते?’

‘काही नाई वो. फवारा मारून राह्यली. उद्या पोळा, काम बंद, म्हनून आजच उरकवते.’

माझ्या हातातलं पाणी तसंच राहिलं. तेवढ्यात रोशनी फाटकातून आत आली. तोंडाला ओढणी बांधलेली, पाठीवर फवारणीचा पंप, पट्ट्यांनी खांद्यावरचा कुडता घामानं काळा झालेला. हा पंप ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. पाठीवर पंधरा-सोळा लिटर पाण्याची टाकी असते. एका हातात नळी, आणि दुसऱ्या हातानं बाजूचा दांडा सारखा वरखाली मारत राहायचं, तेव्हा कुठं फवारा उडतो. एक टाकी रिकामी होईस्तोवर तो हात शेकडो वेळा वरखाली होतो. असे दिवसाला दहा पंप. त्यांच्या पंपाचा दांडा उजवीकडं होता. मी हिला पंधरा वेळाची तीन आवर्तनं मोजून देत होते, आणि ही वावरात त्याच खांद्यानं हजारो वेळा दांडा मारून मग माझ्याकडं येत होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

‘अगं, मी तुला किती वेळा विचारलं, घरी काय करतेस? तू म्हणालीस काही नाही!’

ती खरंच गोंधळली. म्हणाली, ‘मॅडम, हे काही करनं हाये काय? हे तं काम हाये.’

‘आणि मी आठ दिवस आराम करायला सांगितलं होतं तेव्हा?’

‘तवा मी घरीच होती ना. म्हनून बाबांनी पुरा फवारा माह्याकडंच देल्ला.’

मला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. जिला मी आराम म्हणून घरी पाठवलं, तिला मी खरं तर आठ दिवस पूर्णवेळ पंपाला जुंपलं होतं. वरून खोटारडी म्हटलं होतं, सगळ्यांसमोर. आणि ती खोटं बोललीच नव्हती. माझी आईही अशीच होती. दिवसभर निंदण करून यायची, आणि कोणी विचारलं तर म्हणायची, काही नाही, जरा वावरात गेलती. मी तिच्याच पोटची, आणि मी ‘व्यायाम काय करतेस’ एवढंच विचारत राहिले.

मी बाबांकडं वळले. ‘दादा, हिचा खांदा सुजलाय. महिनाभर हिला पंप द्यायचा नाही.’

त्यांनी हात थांबवला नाही. ‘मॅडम, मी दिवसभर बैलामांगं डवरा धरतो. पोट्टा पुन्याले कंपनीत. मंग फवारा कोन मारीन? तुमी?’

‘मी मारते,’ मी म्हटलं. बोलून गेले खरी. आई ‘नका ना वो, मॅडम’ म्हणत होती, तोवर मी पंप धुऊन घेतला, साध्या पाण्यानं भरला, पाठीवर चढवला आणि अंगणाच्या कडेच्या तुळशीला आणि झेंडूला फवारा मारायला लागले. छप्पन्न वर्षांची, शंभर किलोच्या माणसाला वाकायला शिकवणारी मी! दहा मिनिटांत माझा हात लटलट कापायला लागला. टाकी अर्धीसुद्धा झाली नव्हती. मी तशीच उंबऱ्यावर बसले. बाबा मोठ्यानं हसले. आईनं पदर तोंडाला लावला. रोशनीसुद्धा हसली. चांगलं झालं, नाही तर पुढचं बोलणं जमलं नसतं.

दम खाल्ल्यावर मी विचारलं, ‘या बैलाच्या खांद्यावर गाठ कसली?’

‘खांदा आला होता त्याचा, आखाडीच्या वक्ताले. बारा दिवस जू नाई ठेवलं. भावाचा बैल मांगून आनला.’

‘तुम्हाला कसं कळलं, दुखतंय ते?’

‘कसं म्हंजे? हात लावला की मान झटके. मुकं जनावर, थे काय सांगीन? आपल्यालेच पाहा लागते.’

मी म्हटलं, ‘दादा, बैल मुका आहे म्हणून तुम्ही बघता. हिला तोंड आहे, म्हणून हिच्याकडं कोणीच बघत नाही. तुम्हीही नाही आणि मीही नाही. मी तर तिला शिव्या देऊन मोकळी झाले.’

त्यांनी बैलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग रोशनीला म्हणाले, ‘इकडं ये वं.’ ती जवळ गेली. हळदी-लोण्यानं पिवळे झालेले हात तसेच, त्यांनी तिच्या उजव्या खांद्यावर बोटं ठेवली आणि जरा दाबली. रोशनीनं मान झटकली. तोंडातून आवाज काढला नाही, नुसती झटकली.

त्यांनी हात काढून घेतला. बायकोला म्हणाले, ‘पंप खुंटीले टांग. आता थो माह्याशिवाय कोनी काढाचा नाई.’

दुसऱ्या दिवशी पोळा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रोशनीला घेऊन आर्णीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडं गेले. आधीच जायला हवं होतं. पण माझ्यासारख्या माणसाला वाटत असतं की स्नायूतलं सगळं आपल्याला कळतं. फाटलेलं काही नव्हतं, सूज होती. डॉक्टरांनी तीन आठवडे खांद्याला पूर्ण सुट्टी सांगितली आणि मग हळूहळू सुरू करायला. मी रोशनीची माफी मागितली, आणि ती सगळ्या बॅचसमोर मागितली, कारण बोलले होते सगळ्यांसमोर. ती इतकी लाजली की तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. म्हणाली, ‘जाऊ द्या ना, मॅडम. तुमी पंप मारला तवाच फिटलं.’

ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब तीन आठवडे. मैदान जवळ येत होतं, आणि आम्ही गोळ्याला हात लावत नव्हतो. फक्त पाय, कंबर, पोट. रोशनी बैठका मारायची आणि कोपऱ्यातल्या गोळ्याकडं बघायची. एकदा म्हणाली, ‘मॅडम, विसरून तं नाई जाईन मी?’ तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, ‘पाय विसरत नाहीत.’ पण खरं सांगते, ती गेली की मीही कॅलेंडरवर दिवस मोजत बसायची. तिच्या बाबांनी मात्र शब्द पाळला. डवरणी, म्हणजे बैलांनी करायची कोळपणी, मागं पडली तरी फवारणी स्वतः केली. आई सांगायची, संध्याकाळी आले की दंड चोळत बसतात आणि म्हणतात, ‘पोट्टी कशी मारत असन वं हे?’ हे मला माझ्या सगळ्या व्यायामांपेक्षा मोलाचं वाटलं.

चौथ्या आठवड्यात तिनं दोन किलोचा गोळा उचलला. मग तीन. मग चार. मैदानाच्या आठ दिवस आधी तिचा गोळा जिथं श्रावणात पडायचा तिथंच पडला, वीतभर अलीकडं. पुढं जाईल की नाही, हे माझ्या हातात नव्हतं. त्या आठ दिवसांत मी तिला एकही जास्तीचा गोळा फेकू दिला नाही. माझ्यासाठी तो मोठा व्यायाम होता.

रोशनी आज पोलिसात आहे, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. त्या दिवशी तिला गोळ्यात पूर्ण गुण पडले, पुढं लेखीतही निघाली, आणि मार्गशीर्षातलं लग्न आपोआप मागं पडलं. पुढं तिनंच पसंत केलेल्या मुलाशी झालं. लग्नात मी चार वेळा जेवले. पण माझ्या मनात राहून गेलं ते हे नाही.

मैदान यवतमाळला होतं. पालकांना आत सोडत नव्हते. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला आम्ही दोघं उभे होतो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. चहा दोनदा झाला. एकेक पोरगी बाहेर यायची आणि तिच्या घरचे धावत जाऊन तेच विचारायचे, ‘किती? किती गेला?’ कोणी हसायची, कोणी तिथंच खाली बसायची. मीही मनात तेच घोकत होते. इतकी वर्षं मी माणसांना हाच प्रश्न विचारत आले, किती किलो, किती वेळा, किती लांब.

उन्हं चढल्यावर रोशनी आली. छातीवर नंबर लावलेला, चेहरा कोरा, ओठ घट्ट मिटलेले. तिच्याकडं बघून काहीच कळेना. मी पुढं झाले, तोंड उघडलं. पण तिचे बाबा माझ्याही पुढं होते. त्यांनी तिचा हात धरला नाही, गुण विचारले नाहीत, गोळ्याचं नावसुद्धा काढलं नाही.

‘खांदा दुखला काय वं?’ त्यांनी विचारलं.

रोशनीनं त्यांच्याकडं बघितलं आणि तिचा बांध फुटला. भर रस्त्यात, पोलिसांसमोर, ती हमसून हमसून रडायला लागली. ‘नाई बाबा,’ ती म्हणाली, ‘थोडासाबी नाई दुखला.’

माझ्या तोंडात आलेलं ‘किती’ मी तिथंच गिळलं.